टाळूवरचं बोट

जळगाव, मेहरूण
९ जानेवारी १९९०

मगन,

आशीर्वाद आधी घे, शिव्या नंतर देते.

सुगंधा आणि नाना माझ्याकडे आहेत. तिच्या माहेरी तारा करणं बंद कर. तुझी तार तिच्या वडिलांनी कुणाकडून तरी वाचून घेतली, घरात रडारड झाली आणि शेवटी ते बिचारे एसटीत बसून थेट माझ्या शाळेत येऊन उभे राहिले. मी नववीच्या मुलींना आम्लं शिकवत होते. "पोर कथा गई" एवढंच विचारत होते. पोर कुठे जाणार? माझ्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. त्यांना घरी नेलं, जेवू घातलं आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं.

तिला मी बोलावून घेतलं, हेही लिहून टाकते. म्हणजे तिकडे सुरतेला, उधन्यात लूमवर बसून तू सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडणार नाहीस. फोडायचंच असेल तर माझ्या डोक्यावर फोड, ते चांगलं टणक आहे.

तुझ्या मुलाला आपल्या वडिलांचं, कौतिक हे नाव तूच ठेवलंस. आता वडिलांचं नाव घेऊन तान्ह्या पोराला हाक कोण मारणार? म्हणून सगळे त्याला नाना म्हणायला लागले. सात महिन्यांचा जीव, पण मान पाटलाचा. सुगंधासुद्धा "नाना जेवले", "नाना निजले" म्हणते, आणि मलाही आता तीच सवय लागली आहे. नाना बरे आहेत असं लिहिता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं. पण नाना बरे नाहीत. दिवाळीला घेतलेलं टोपडं डोक्यात शिरत नाही. मान धरत नाहीत. सकाळी उठले की उलटी करतात. आणि नजर खाली वळलेली राहते, बुबुळाच्या वर पांढरं दिसतं. तू गेलास तेव्हा नजरेचं हे नव्हतं.

टाळूचं सांगते. माय रोज त्याच्या टाळूवर तेल जिरवायची ते तू पाहिलं आहेस. आपल्या भडगावात टाळू खोल गेली की बायका देव पाण्यात घालतात, कारण जुलाबात पोरं जायची तेव्हा आधी टाळूच बसायची. त्यामुळे वर आलेली टाळू म्हणजे आनंदीआनंद. नानांची टाळू वर आली तशी माय आळीतल्या बायकांना बोलावून दाखवायची. "पोऱ्यानी टाळू कशी भरेल शे, देख." वच्छलाबाईंनी तर आपल्या नातवासाठी तेलात काय घालता ते विचारून घेतलं. दिवाळीला मी आले तेव्हा मीही बोट लावून पाहिलं आणि छान भरली आहे म्हणाले. मी, जी मुलींना विज्ञान शिकवते.

इथल्या डॉक्टरांनी त्या टाळूवरूनच सोनोग्राफी केली. हाड जुळलेलं नसतं म्हणून तिथून आतलं दिसतं. मेंदूच्या आत सगळ्यांच्याच पाणी तयार होतं आणि आपोआप वाहून जातं. नानांची ती वाट अडली आहे. पाणी साचतं, दाब वाढतो, डोकं मोठं होतं आणि मेंदू कडेला चेपला जातो. उपाय एकच. डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी घालायची, म्हणजे पाणी पोटात उतरतं आणि जिरतं.

हे ऐकून तू काय बोललास ते सुगंधाने मला शब्दाला शब्द सांगितलं. "त्याले भूल दिधी ते तो उठाव नही. मंग मी त्याना बाप नही." आणि पिशवी उचलून सुरतेची गाडी धरलीस. भुलीने डोक्यातला दाब वाढतो म्हणे. हे वैद्यकीचं शिक्षण तुला कुठल्या पानटपरीवर मिळालं ते एकदा कळव, मीही तिथे प्रवेश घेईन.

ऑपरेशनचं अजून काही ठरलेलं नाही. तू निवांत राहा.

सुगंधाला विचारलं, तुझ्याकडून काही लिहू का? ती उठून भांडी घासायला गेली.

अक्का


जळगाव
१६ जानेवारी

मगन,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ऑपरेशन ठरलेलं होतं. रविवारी, संक्रांतीच्या दिवशी, धुळ्याला. नाशिकचे मेंदूचे सर्जन एक रविवार आड तिथल्या एका खासगी दवाखान्यात येतात. तुला आधी कळवलं असतं तर तू दारात येऊन तमाशा केला असतास, म्हणून कळवलं नाही. ते ऑपरेशन झालं नाही. म्हणून आता सांगते. पण पत्र फाडू नकोस, पुढे तुझ्याच कामाचं आहे.

शनिवारी एसटीने गेलो. पारोळ्यापर्यंत सुगंधाने नानांचं डोकं पदराखालून बाहेर काढलं नाही. शेजारच्या बाईने तरी विचारलंच, डोकं असं कशाने? सुगंधा खिडकीबाहेर बघत राहिली. मग मी त्या बाईला मेंदू, पाणी आणि नळी असं सगळं इतकं सविस्तर समजावलं की तिने पुढच्या थांब्यावर जागा बदलली.

रविवारी नर्सने नानांचं डोकं भादरलं. केसांखाली तेलाचे थर निघाले, आणि थरांखाली टाळूच्या मागच्या बाजूला एक पिकलेला फोड. सर्जन आले, पाहिलं आणि हातमोजे काढून ठेवले. म्हणाले, हा फोड असताना नळी घातली तर पू नळीवाटे सरळ मेंदूत जाईल, आज होणार नाही. तेल कुणी घातलं म्हणून चिडले. मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं. ते म्हणाले, सगळीकडे असंच असतं, म्हणून तर मी गावोगाव ओरडत फिरतो. औषध लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

तेव्हा मला किती राग आला होता म्हणून सांगू. एवढं धाडस करून, तुला फसवून, सुट्टी टाकून गेलो आणि एका फोडाने परत पाठवलं. पण त्या फोडामुळेच भंगाळे बाई भेटल्या.

डॉ. भंगाळे या तिथल्या भुलीच्या डॉक्टर. फैजपूरकडच्या, माझ्याच वयाच्या, बोलणं तुटक. फोडासाठी रक्त तपासायला सांगितलं होतं, म्हणून नर्स शीर शोधत होती आणि नाना बेंबीच्या देठापासून रडत होते. बाई आल्या आणि त्यांनी नानांच्या टाळूवर एक बोट ठेवलं. मला म्हणाल्या, हात लावून बघा. मी लावला. दगड. रडताना डोक्यातला दाब चढतो, म्हणाल्या, आणि ह्याचं भांडं आधीच काठोकाठ भरलेलं आहे.

मग सुगंधाने नानांना खांद्यावर घेतलं आणि रोज तेल जिरवताना करते तसं एक बोट टाळूभोवती गोल फिरवायला लागली. कोरडंच. नानांना झोपायची तीच सवय आहे. रडणं कमी झालं, मग थांबलं. बाईंचं बोट टाळूवर तसंच होतं. त्या सुगंधाला म्हणाल्या, आता थांब. ती थांबली, नाना कुरकुरले. आता फिरव. तिने फिरवलं. असं दोनतीनदा करून घेतलं. "उतरते आहे," एवढंच म्हणाल्या आणि आम्हाला त्यांच्या खोलीत चहाला बसवलं.

तिथे मी तुझी टिंगल केली. आमचे बंधुराज सुरतेहून निदान करतात, भुलीने दाब वाढतो म्हणतात, असं म्हणून मी हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचे भाऊ बरोबर सांगतात."

माझा चेहरा तू पाहायला हवा होतास. तुला वर्षभर पुरला असता.

त्यांनी विचारलं, हे त्यांना कुणी सांगितलं? मला ठाऊक नव्हतं. तेव्हा सुगंधा पहिल्यांदा तोंड उघडून बोलली, "त्यासनी देखेल शे." मग तिने सांगितलं. तुझ्यासोबत राहणारा शिरपूरचा भिकन, त्याचा मुलगा असाच मोठ्या डोक्याचा, जिन्यावरून पडला, जखम शिवायला म्हणून इंजेक्शन दिलं आणि तो परत उठला नाही. झोपेत त्याचे डोळे उघडे होते, हे तू तिला रात्री झोपेतून उठून सांगायचास म्हणे.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. डोळे उघडे होते का, असं पुन्हा विचारलं. मग सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. भूल म्हणजे एकच वस्तू नव्हे. एक इंजेक्शन असं आहे की ते दंडात टोचलं तरी चालतं, श्वास सहसा बंद पडत नाही, यंत्रं फारशी लागत नाहीत. म्हणून लहान दवाखान्यांत पोरांना सर्रास तेच देतात, आणि बहुतेक पोरांना त्याने काही होत नाही. त्यात मूल झोपतं पण डोळे उघडे राहतात, बुबुळं हलत असतात. मात्र त्याने मेंदूकडे जाणारं रक्त वाढतं आणि दाब चढतो, असं आम्ही शिकलो. ज्याच्या डोक्यात आधीच जागा उरलेली नाही त्याला ते द्यायचं नाही. दुसरी औषधं आहेत, त्यांनी दाब उतरतो. पुन्हा झोपेत श्वास उथळ झाला तरी दाब चढतो, म्हणून त्या स्वतः हाताने हवेची रबरी पिशवी दाबून श्वास देत राहणार. "त्या मुलाचं नेमकं काय झालं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून कुणाला बोल लावणार नाही," म्हणाल्या. "पण ह्याला मी ते देणार नाही."

तेव्हा मगन, तू बरोबर होतास. लिहिताना हात दुखतो आहे, पण होतास. आणि तरीही तू चुकलास, कारण जे पाहिलंस ते मला न सांगता नुसता भांडून गेलास. सुगंधाला रात्री सांगत होतास, तसं एकदा माझ्याशी बोलायचं होतंस.

बाईंना तुझ्याकडून माहिती हवी आहे. ते मूल आधी उलट्या करत होतं का, सुस्त होतं का, इंजेक्शननंतर श्वास कसा चालला होता, जे आठवतं ते सगळं लिही. आणि या वेळी तारीख लपवत नाही. अठ्ठावीस जानेवारी, रविवार. थांबवायला ये नाहीतर सोबत बसायला ये. बाप आहेस, तुला कोण अडवणार?

अक्का


जळगाव
२४ जानेवारी

मगन,

तुझं पत्र आलं. शाळेतच वाचलं आणि मुख्याध्यापक बाईंना डोकं दुखतं म्हणून सांगून प्रयोगशाळेत जाऊन बसले.

भिकन दवाखान्यात न्यायला नको म्हणत होता, आणि तूच म्हणालास टाके घालू, नाहीतर कपाळावर खूण राहील. तूच त्या पोराला उचलून आत नेलंस. बाहेरही तूच आणलंस. हे सगळं तू एकट्याने उरावर घेऊन बसलास, आणि आम्ही भडगावात बसून म्हणत होतो, मगनला सुरतेचं पाणी लागलं, माणसात राहिला नाही. मला फार वाईट वाटलं रे. तुला लहानपणी ताप आला तरी तू सांगायचा नाहीस, मला कपाळाला हात लावून बघावं लागायचं. आता तू सुरतेला, हात लावणार कसा?

तू लिहिलेलं सगळं शाळेच्या फोनवरून भंगाळे बाईंना वाचून दाखवलं. ते पोर दोन दिवसांपासून उलट्या करत होतं आणि जास्त झोपत होतं, हे त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. म्हणाल्या, म्हणजे त्याचा दाब पडण्याआधीच चढलेला होता, पण तिथे ते ओळखणारं कुणी नव्हतं. तुला निरोप दिला आहे. त्या दिवशी तुमच्या जागी मी असते तर मीही त्याला उचलून दवाखान्यातच नेलं असतं, असं सांगा. त्यांच्या तोंडचे शब्द आहेत, माझ्या पदरचा एकही नाही.

फोड वाळला. नाना मात्र जास्त सुस्त झालेत. काल दूध प्यायले आणि सगळं ओकले. हाक मारली तरी नजर वर उचलत नाहीत. सुगंधा पाळण्यापाशीच बसून असते. मी खोटं लिहिणार नाही म्हटलं आहे, म्हणून सांगते, मला भीती वाटते. डॉक्टर म्हणतात थांबलो तर जाईलच, ऑपरेशन केलं तर बहुतेक वाचेल. त्या बहुतेक शब्दावर आम्ही दोघी दिवस काढतो आहोत.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी सुगंधाला वाचून दाखवली. "नेऊ नका त्याला. पण नेलंच तर ते इंजेक्शन देऊ देऊ नका." तिने कागद हातात घेतला. चौथी शिकलेली आहे, अक्षर लावता येतं. बराच वेळ लावत बसली. 

ऑपरेशनच्या कागदावर सही तीच करणार आहे.

अक्का


धुळे
२९ जानेवारी

मगन,

तार मिळालीच असेल. तरी पुन्हा लिहिते, लिहिताना बरं वाटतं. नाना उठले. नाना रडले. नाना दूध प्यायले आणि ओकले नाहीत.

तू आला नाहीस. काल सकाळपासून मी स्टँडकडून येणारा प्रत्येक टांगा, प्रत्येक रिक्षा बघत होते. आता त्याबद्दल बोलत नाही. जे झालं ते ऐक.

पहाटे अंगावर पाजायला सांगितलं होतं आणि नंतर काही नाही, पाणीसुद्धा नाही. भूक लागली की पोर रडणार, रडलं की दाब चढणार, म्हणून बाईंनी नानांना पहिला नंबर दिला. सुगंधाची नखं कापली, हात कोपरापर्यंत साबणाने घासायला लावले, अंगावर हिरवा झगा, डोक्याला टोपी, पायात कुणाच्या तरी मोठ्या सपाता. तिला म्हणाल्या, तू आत चल. सर्जन कुरकुरले. आज आई आत, उद्या आजी, आत्या, सगळं भडगाव येईल. भंगाळे बाई म्हणाल्या, "येऊ द्या. हिचं बोट माझं निम्मं काम करतं."

आत्या अर्थातच बाहेर बाकावर होती. आतलं मला सुगंधाने नंतर सांगितलं. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

नाना तिच्या मांडीवर होते. ती टाळूच्या कडेने बोट फिरवत राहिली, कोरडं, हळू. सुई आधी टोचलीच नाही. बाईंनी भुलीच्या वायूची नळी आपल्या ओंजळीत धरली आणि ओंजळ नानांच्या नाकाजवळ नेली, मास्क लावला असता तर ते बिथरले असते म्हणून. त्या वायूनेही दाब थोडा चढतो म्हणे, म्हणून थोडाच, डोळा लागेपर्यंत. नानांनी एकदा नाक वाकडं केलं. डोळे मिटले. पूर्ण मिटले, हे तुला सांगायला मला सुगंधाने दोनदा बजावलं आहे. मिटलेले डोळे तिने स्वतः पाहिले.

मग बाईंनी तिच्या बोटाच्या जागी आपलं बोट ठेवलं आणि तिला बाहेर पाठवलं. आता शीर सापडली, शिरेतून दाब उतरवणारं औषध गेलं, घशात नळी गेली. बाई एका हाताने पिशवी दाबत होत्या आणि जमेल तोवर दुसऱ्या हाताचं बोट टाळूवर होतं. एवढी यंत्रं आजूबाजूला असून बोट कशाला, असं मी नंतर विचारलं. म्हणाल्या, दाब दाखवणारं यंत्र इथे नाही, आणि असतं तरी टाळू उघडी असताना मी बोटाचंच ऐकलं असतं.

सर्जन बाहेर आले तेव्हा घामाघूम होते. नळी बसली. पाणी जोरात आलं, पण त्यांनी ते थांबवून थांबवून येऊ दिलं, एकदम मोकळं केलं तरी मेंदूला धक्का बसतो. सगळं नीट झालं म्हणाले आणि चहा मागवला.

सगळं नीट झालं, पण नाना उठेनात.

हे मला तुला सांगायचं नव्हतं. मग वाटलं, तुला नाही सांगायचं तर कुणाला? सुगंधा भिंतीला टेकून खाली बसली होती. मी समोरच्या भिंतीवरची लसीकरणाची पाटी वाचत होते, परत परत तीच. दार उघडायचं, नर्स जायची, दार लागायचं. मला भिकनच्या मुलाचीच आठवण येत होती, ज्याला मी कधी पाहिलंही नाही. आणि तुझी. राग नाही आला, खरं सांगते. हे बाकडं तुला एकदा बसून माहीत होतं, म्हणून तू आला नाहीस, एवढं कळलं.

आणि मग आतून आवाज आला. बारीक, चिरका, मांजराच्या पिल्लासारखा. सुगंधा ताडकन उठली आणि दाराकडे धावली, त्याला गप्प करायला. इतके दिवस तिला हेच सांगितलं होतं ना, रडू द्यायचं नाही. दारात भंगाळे बाई उभ्या होत्या. तोंडावरचा कपडा खाली ओढला होता.

"रडू दे," त्या म्हणाल्या. "आता रडलं तरी चालतं."

सुगंधा तिथेच उभी राहिली आणि मग तीच रडायला लागली. मीही. वॉर्डातल्या बायकांना वाटलं पोर गेलं, त्या सांत्वनाला धावल्या. त्यांना समजावता समजावता मला हसू यायला लागलं, ते आवरेना. एका म्हातारीने मला पाणी पाजलं.

बाईंनी सांगितलं की नाना हळू उठावेत अशीच त्यांची इच्छा होती, खोकत, ठसकत उठले असते तर दाब पुन्हा चढला असता. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. म्हणाल्या, राहून गेलं, माफ करा. मग मलाच कसंतरी झालं.

झोप येते आहे. पहिल्यांदाच चांगली झोप येणार आहे.

अक्का


जळगाव
३ फेब्रुवारी

मगन,

कार्ड मिळालं. "कोणत्या तोंडाने येऊ" असं विचारतोस. दुसरं आहे का तुझ्याकडे? असेल तर ते घेऊन ये. नसेल तर हेच चालेल. दाढी मात्र करून ये.

नानांचं सांगते. काल पाळण्यात पडल्या पडल्या त्यांनी पंख्याकडे पाहिलं. वर पाहिलं, कळलं का? नजर वर उचलली. सुगंधाने मला हाक मारली, मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले, आम्ही दोघी पाळण्याजवळ उभ्या राहून नाना पंखा बघतात ते बघत होतो. पंखा बंद होता, तरी बघत होते.

उगाच मोठी आशा दाखवत नाही. नळी कधी बुजू शकते, मग पुन्हा धावपळ आहे. उलटी झाली, सुस्ती आली की तडक धुळे गाठायचं. मान उशिरा धरतील, चालतील उशिरा, शाळेत कसे निघतील ते आत्ता कुणी सांगत नाही. मी विज्ञान शिकवते, मीही सांगत नाही. पण आहेत. घरात आहेत. सकाळी किंचाळून मला उठवतात.

माय भडगावहून आली आहे. तेलाची बाटली घेऊन आली होती. मी काही बोलायच्या आत सुगंधाने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि मायच्याच डोक्याला चोळत बसली. मायला आधी कळेना, मग डोळे मिटून घेतले. ऑपरेशनचं ऐकून माय इतके दिवस तिच्याशी बोलत नव्हती. आता बोलते.

टाके काढायला गुरुवारी धुळ्याला जायचं आहे. पुन्हा तोच दवाखाना, तीच खोली. भंगाळे बाई म्हणाल्या, टाके काढायला भूल लागत नाही, थोडं रडतील एवढंच.

पत्र संपवत आले होते. सवयीप्रमाणे सुगंधाला विचारलं, तुझ्याकडून काही लिहू का? मला वाटलं उठून जाईल. ती नानांना मांडीवर घेऊन बसलेली होती, तिथूनच बोलली. ती बोलली तसंच लिहिते, एक अक्षर सुधारत नाही.

"त्यासले लिखा, गुरुवारले धुयाले या. नानाले तुम्हीच उचला. तुम्हीच दवाखानामझार ली जा, नि तुम्हीच त्याले बाहेर ली या."